दुसऱ्याच्या नावची आवणी

दाभोसा
२१ जून १९९८

दादा,

आप्पांनी मायना सांगितला होता, तीर्थरूप वगैरे. तो लिहिला तर तुझ्या बराकीतली पोरं वाचून हसतील, म्हणून नुसतं दादा.

आई शेजारी बसली आहे आणि ती सांगेल तसं लिहायचं आहे. आई म्हणते, डोक्यावरचे सगळे केस काढले का रे? आई म्हणते, तिथे भात देतात की नुसत्या चपात्या? आई म्हणते, रूपेशला नांगर धर म्हटलं की त्याच्या पोटात दुखतं, नीलेश घरी असता तर दुखलं नसतं. रूपेश म्हणतो, हे लिहू नको. लिहिलं.

राब चांगला उगवलाय. रोपं बोटभर झाली. ओहोळावरच्या मोरीपाशी रस्ता खचला म्हणून जीप बंद आहेत, त्यामुळे सुदर्शनला गाडी चालवायचं काम नाही आणि तो सकाळ-संध्याकाळ आपल्याकडेच असतो. तो जिच्याकडे राहतो ती काकी तर खूशच असेल, एक ताट वाचलं. परवा तो जेवायला बसला आणि मी त्याला पाहुण्यांचं ताट दिलं. म्हणाला, "काय गं खेकडे, नीलेश पोलिसात गेला आणि मी पाहुणा झालो काय?" लहानपणी ओहोळावर मी त्याच्या अंगठ्याला चावले होते, तेव्हाचं हे नाव. मी आता एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात जाते, हे त्याला तू तरी लिही.

वांगणीहून निरोप आला होता. तुझ्या सासऱ्यांचा, म्हणजे होणाऱ्या. बुधामामांनी विचारलंय, "जावई आवणीला कधी येल?" आप्पांनी सांगितलं, ट्रेनिंगमधून सोडत नाहीत. निरोप्या म्हणाला, "सुपारी फुटली की पहिल्या पावसात जावयानं सासऱ्याच्या खाचरात उतरायचा, रोपं लावायची. जावई नाय आला तर गाव काय बोलेल? सरकारी झाला, आता चिखल चालत नाय." आप्पांनी पेपर उघडला. आई मात्र तेव्हापासून ऐकवते आहे की आप्पा मास्तर असूनसुद्धा तिच्या बापाच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभे राहिले होते आणि त्यांच्या पायाला जळू लागली होती.

तू काळजी करू नको. आप्पा समजावतील त्यांना.

वर्षा


दाभोसा
२६ जुलै १९९८

दादा,

आज आई शेजारी नाही. आवणी चालू आहे, सगळे खाचरात आहेत. मला ताप आला म्हणून घरी ठेवलंय. ताप तसा फार नाही.

तुझं पत्र आप्पांनी मोठ्यानं वाचलं. तू धावण्यात पहिला आलास हे त्यांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा शेजारच्या फागूकाकांना ऐकू जाईल असं. शेवटी तू विचारलंयस, 'वांगणीचं काय, आणि सुदर्शन काय करतो?'

एक गोष्ट लिहावी की नाही, ठरत नव्हतं. सुदर्शन हल्ली वांगणीला जातो. वावर गावापर्यंत मिळेल ती गाडी, पुढे चालत. कधी दोन-तीन दिवस तिकडेच राहतो. मी विचारलं, तर कशाला जातो ते सांगत नाही. जाताना धुतलेला शर्ट पिशवीत घालून नेतो. येताना हर्षालीच्या हातची भाकर फडक्यात बांधून आणतो आणि आपल्या पडवीत बसून खातो. परवा म्हणाला, "तुझी वहिनी हसली ना, की पाऊससुद्धा थांबून बघतो."

मी पाहिलं ते लिहिलं. तू मनाला लावून घेऊ नको. तुझा मित्र आहे, तुला त्याची जास्त माहिती.

रूपेशचं पोट आता बरं आहे.

वर्षा


दाभोसा
३० ऑगस्ट १९९८

दादा,

तू आप्पांना लिहिलेलं पत्र आलं. त्यांनी ते पडवीत उभ्यानंच वाचलं. ह्या वेळी मोठ्यानं नाही. मग घडी करून खिशात ठेवलं आणि शाळेत निघून गेले. संध्याकाळी आले तेव्हा आईला म्हणाले, "नीलेशला ती मुलगी नको. आणि सुदर्शनला ह्या घरात पाय ठेवू द्यायचा नाही, असं लिहिलंय त्यानं." आई म्हणाली, "का पण?" ते म्हणाले, "त्याला माहीत."

वांगणीला निरोप गेला. कारण सांगितलं नाही. बुधामामा म्हणे एवढंच बोलले, "बरा."

मला वाटलं होतं तू फार तर सुदर्शनला दोन शब्द लिहिशील.

पुढचं तुला रूपेश लिहिणार आहे, फुशारकी मारून. म्हणून आधी मी लिहिते. रस्ता सुरू झाला आहे. सोमवारी कॉलेजातून मी सुदर्शनच्याच जीपनं आले. मागे बसले होते. नाक्यावर रूपेश उभा होता. त्यानं सुदर्शनला कॉलर धरून खाली ओढलं.

"वांगणीला कशाला जात होतास?"

"नीलेशला विचार."

"त्यानंच लिहिलंय! वर्षीनं कळवला त्याला सगळा."

तेव्हा सुदर्शननं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. जीपमधल्या बायका, कोंबड्यांची टोपली घेऊन बसलेला तो म्हातारा, सगळे माझ्याकडे बघत होते. सुदर्शन म्हणाला, "वर्षानं लिहिला? मग खरंच असंल."

रूपेशनं मारलं. सुदर्शननं हात वर केला नाही. ओठ फुटला. रक्त थुंकला, पुन्हा गाडीत बसला आणि आम्हाला सगळ्यांना शेवटच्या पाड्यापर्यंत सोडून आला. माझ्याकडून भाडं घेतलं. आजवर कधी घेतलं नव्हतं.

रूपेश घरी येऊन आईला म्हणाला, "बहीण असावी तर अशी. आम्ही दोघं भाऊ आंधळे, हिनं डोळे उघडे ठेवले." आणि मला त्याच्या ताटातला मासा दिला.

दादा, कदाचित काही कामच असेल रे त्याचं तिकडे. तू एकदा त्याला विचारायला हवं होतंस.

वर्षा


दाभोसा
२० सप्टेंबर १९९८

दादा,

तुझं उत्तर नाही. आप्पांना पत्र येतं, त्यात शेवटी 'वर्षाला आशीर्वाद' असतो, तेवढाच.

काल जव्हारच्या बाजारात हर्षाली भेटली. मी तिला आधी पाहिलं आणि मिरच्यांच्या ढिगामागे सरकले, पण तिनं हाक मारली. सोबत तिची आई होती, धोंडीबाई. त्या बाजूला जाऊन मिठाचा भाव करत राहिल्या. मुद्दाम.

हर्षाली म्हणाली, "तुझ्या दादाला काय कमी पडला? तेवढा सांग."

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"सुदर्शनभाऊ आले, नीलेशनं धाडलाय मला त्याच्या जागी, बोलले. आमची सगळी आवणी केली. बानं गावात किती मिरवला, जावई नाय तर जावयाचा भाऊ आला. आणि मग तुमचा निरोप, पोरगी नको. लोक बोलतात माझ्यातच काय तरी खोट हाय."

म्हणजे सुदर्शन आवणीला जात होता, दादा. तुझ्या जागी. मला हे आत्ताच कळलं. तुला कळलं तर तुझाही गैरसमज जाईल म्हणून लगेच लिहिते आहे.

आणखी एक. तिला दुसरं स्थळ आलंय. वीटभट्टीवर माणसं नेणारा मुकादम आहे, बिजवर. पहिली बायको भट्टीवरच वारली. हर्षालीच्या बापाला आता नाही म्हणायला तोंड उरलं नाही, असं ती म्हणाली. तुळशीचं लग्न झालं की सुपारी फोडणार.

तिनं मला जाताना विचारलं, "सुदर्शनभाऊंचा ओठ बरा झाला काय?"

तू लगेच लिही. आप्पांना नाही तर बुधामामांना लिही. त्यांना वाचता येत नाही, पण वांगणीच्या शाळेत मास्तर आहेत.

वर्षा


दाभोसा
८ ऑक्टोबर १९९८

दादा,

तुझं आप्पांना आलेलं पत्र मी चोरून वाचलं. तू लिहिलंयस, 'आवणीलाच जात होता तर वर्षानं विचारलं तेव्हा तिला सांगितलं का नाही? चांगलं काम कोणी लपवतं का? हर्षालीला त्यानंच हे पढवलं असेल.'

हे पत्र मी लिहायला बसते आणि उठते, असं चाललं आहे. आता लिहिते.

त्यानं मला सांगितलं होतं.

जुलैच्या पत्रात बाकी सगळं खरं होतं. शर्ट, भाकर, पाऊस थांबतो ते वाक्यसुद्धा. 'कशाला जातो ते सांगत नाही' एवढं मी मनानं घातलं. आणि गेल्या पत्रात 'आत्ताच कळलं' असं लिहिलं, तेही. तुला गोष्ट कळावी आणि मी मात्र सुटावी, असं मला हवं होतं. तू बरोबर त्याच वाक्यावर बोट ठेवलंस.

खरं असं झालं. तो पहिल्यांदा वांगणीहून आला तेव्हा मांड्यांपर्यंत चिखल होता. विहिरीवर मी पाणी ओतत होते, तो पाय धूत होता. म्हणाला, "बुधामामा चार माणसांत बोलला, जावयाला आमचा चिखल चालत नाय तर पोरीला दुसरा बघतो. मी गेलो. सांगितला, नीलेशनं धाडलाय." मी म्हटलं, दादानं कुठे पाठवलंय तुला? तो हसला. "नाय पाठवला, पण पाठवला असता ना? तू त्याला लिहू नकोस हां. तो ट्रेनिंग टाकून पळत येईल. भरतीसाठी ह्या रस्त्यावर किती वर्षं धावलाय तो, मी सायकलवर मागे असायचो." मी शब्द दिला. गळ्याची शपथ घेतली, त्याच्या नाही, माझ्या.

मग का लिहिलं? तू हे विचारणारच.

तुम्ही दोघं मला क्रिकेटमध्ये करवंदीच्या जाळीत चेंडू शोधायलाच ठेवायचात. दोन भावांची बहीण म्हणजे कायमची फिल्डर. 'तिला पण बॅटिंग द्या' असं एकदाच कोणीतरी म्हणालं, तो सुदर्शन. रूपेश म्हणाला, ती आऊट झाली की रडते. तर तो म्हणाला, "मग आऊट करत नाय." आणि दिवस मावळेपर्यंत हळू हळू चेंडू टाकत राहिला. मी सातवीत होते. तुम्ही धबधब्याखालच्या डोहात उड्या मारायचात तेव्हा मला कपडे राखायला बसवायचात. तुमचे दोघांचे शर्ट मी दगडावर ठेवायचे. त्याचा मांडीवर. तुम्हाला कधी दिसलं नाही. तुम्हाला मी दिसतच नव्हते, म्हणून बरं होतं.

तो वांगणीला जायला लागला तेव्हा मला खरं तर त्याचा अभिमान वाटला होता. पण तो येऊन तिकडचंच बोलायचा. हर्षालीनं असं केलं, हर्षाली असं म्हणाली. मग एक दिवस पडवीत बसून फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडून मला दिला आणि म्हणाला, "खा खेकडे. असली भाकर तुला ह्या जन्मात जमायची नाय."

दादा, तू गेल्यावरच नाही, त्याच्या कितीतरी आधीपासून ह्या घरात त्याला भाकर मी करून घालते आहे. ते वाक्य मला ताप आल्यासारखं चढलं. ताप होता असं लिहिलं होतं ना मी, तो हाच. सगळे खाचरात गेल्यावर पत्र लिहिलं आणि रूपेशच्या हातात न देता स्वतः पेटीत टाकून आले.

मला वाटलं, तू त्याला झापशील, तो जाणं बंद करेल, पुन्हा आपल्या पडवीत बसेल. तू सोयरीक मोडशील हे मनात आलं नव्हतं. आलं असतं तर लिहायचं टाळलं असतं का? हे मी स्वतःला रोज विचारते आणि खात्रीनं हो म्हणता येत नाही.

नाक्यावर तो गप्प का राहिला, हे आता तुला कळेल. तो बोलला असता तर त्यानं तुझं नाव परस्पर वापरलं हे वांगणीला कळलं असतं, बुधामामांची मान खाली गेली असती. आणि मी खोटारडी ठरले असते, भर नाक्यावर. त्यानं दोन्ही झाकलं.

आप्पांना आज सकाळी सांगितलं. ते ऐकून शाळेत गेले. संध्याकाळी पेपर मी वाचून दाखवते ना, तर म्हणाले, "राहू दे, मी वाचतो." आईनं मात्र विचारलं, "आणि मी शेजारी बसून सांगत होते, त्यातही तू आपलं घालायचीस काय?" ह्यापुढे तिची पत्रं रूपेश लिहील. त्याचं अक्षर तुला लागणार नाही.

रूपेशला सांगितलं तेव्हा तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. मग म्हणाला, "मी त्याला मारला गं. आपल्याच घरातला तो."

तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलू. पण बुधामामांना लिही. तुळशीचं लग्न जवळ आलं.

वर्षा


वांगणी
२५ ऑक्टोबर १९९८

दादा,

दिवाळी गेली, तुझं काही आलं नाही. माझं पत्र पोचलं की नाही, पोचून तू फाडलंस की नाही, कळायला मार्ग नाही. म्हणून मी इथे आले. आप्पांना सांगून आले. ते म्हणाले, "मी येऊ का?" मी नको म्हटलं.

दारात धोंडीबाई भात पाखडत होत्या. मला पाहून सूप थांबलं. बुधामामा खाचरातून आले, विळा हातात. मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली, सगळं, विहिरीपासून नाक्यापर्यंत. मधे रडू आलं. धोंडीबाई म्हणाल्या, "आधी पाणी पी, मग सांग. रडत सांगतेस ते अर्धा समजत नाय."

सगळं ऐकून मामा म्हणाले, "म्हणजे नीलेश आवणीला आला नाय. त्यानं धाडला असा सुदर्शन बोलला, पण त्यानं धाडलाही नाय. मग माझ्या खाचरात उतरला तो कोणाच्या नावानं?"

मी म्हटलं, "दादाच्याच. दादाला न विचारता."

"आणि तू खोटा लिहिलास, ते कोणाच्या नावानं?"

मी ओढणीनं तोंड पुसलं.

"आणि आता कशाला आलीस? भावाच्या जागी माफी मागायला?"

मी म्हटलं, "भावाच्या जागी एक जण येऊन गेला, मामा. मी माझ्यासाठी आले. कापणीला."

मामा हसले नाहीत. म्हणाले, "मास्तराची पोर. विळा धरता येतो?" मी म्हटलं, येतो. "बघू."

धरता येतो, पण त्यांच्यासारखा नाही. पहिल्याच दिवशी करंगळी कापली. हर्षाली माझ्या शेजारच्या ओळीत असते आणि बोलत नाही. बोट कापलं तेव्हा तिनं दगडीपाल्याचा चोळा करून त्यावर दाबला, बांधला आणि पुन्हा न बोलता आपल्या ओळीत गेली. काल जेवताना मात्र म्हणाली, "तुला सुदर्शनभाऊ आवडतात, होय ना?" मी मान खाली घातली. ती म्हणाली, "मला सांगली असतीस तर मीच तुझी बाजू लावली असती. येडी."

तिची भाकर खरंच चांगली आहे. नागलीची, पातळ, कडा न फुटलेली. मी चार दिवस शिकते आहे. कडा फुटतात.

तो मुकादम परवा येऊन गेला. मोटरसायकलवर. बाहेर खाटेवर बसून म्हणाला, "तुळशीचा लग्न झाला की उरकून टाकू, मला भट्टीवर माणसा न्यायचीत." मामा म्हणाले, "खळा भरू दे. माझा भात खळ्यात येत नाय तवर मी कोणाला शब्द देत नाय." तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तवर नीलेशचा कागद आला तर आला."

भात थोडा राहिला आहे, दादा. वरचं एक खाचर आणि ओहोळाकडचं अर्धं. मी हळू कापते, तरी ते संपणार.

मला एक ओळही लिहू नको. मामांना लिही. शाळेच्या पत्त्यावर. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे.

वर्षा


दाभोसा
२० जून १९९९

दादा,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर 'वर्षा' असं नुसतं माझंच नाव. आईनं ते दिवसभर देवळीत ठेवलं आणि मी कॉलेजातून आल्यावर हातात दिलं. "फोड," म्हणाली, "मी बसते बाहेर."

वांगणीला तुझा कागद आला त्या दिवशी मी तिथेच होते, हे तुला कोणी सांगितलं का? मास्तर खळ्यावर येऊन वाचत होते आणि मामा भाताच्या राशीवर हात टेकून ऐकत होते. 'माझ्या नावानं जो उतरला तो माझाच माणूस. मी न सांगता त्यानं माझं केलं आणि मी न विचारता त्याचं मोडलं.' मास्तरांनी हे पुन्हा वाचलं. मामा म्हणाले, "बस. पुढचा नका वाचू." पुढे काय लिहिलं होतंस, ते मला अजून माहीत नाही. माझ्याबद्दल असेल तर नकोच.

लग्नाचं तू विचारलंयस की मी कुठे होते, दिसले नाही. होते. अक्षतांचं ताट घेऊन मांडवाच्या मागच्या खांबाला.

हर्षालीला भाऊ नाही, तर नवऱ्याचा कान पिळायला कोण, अशी कुजबुज सुरू झाली होती. मामांनी हाक मारली, "आमचा पोऱ्या कुठं हाय?" आणि सुदर्शन पुढे आला. आपल्या घराकडून नाही, त्यांच्याकडून आला होता तो लग्नाला. आपल्या घरात त्यानं अजून पाय ठेवलेला नाही. आप्पा स्वतः जाऊन आले त्याच्याकडे, रूपेश दोनदा गेला. तो चहा पाजतो, गप्पा मारतो, "येतो, येतो" म्हणतो.

त्यानं तुझा कान धरला आणि तू ओरडलास, "सोड रे, तुटेल!" तो म्हणाला, "चिखलाची मजुरी हाय, पुरती घेतो." सगळा मांडव हसत होता. तू हसता हसता त्याला मिठी मारलीस आणि मग तुम्ही दोघंही हसत नव्हता. मी ते पाहिलं. माझ्यामुळे मोडलेलं जुळताना मी पाहिलं, पण ते जुळवलं मी नाही, हेही मला माहीत आहे.

नंतर तो माझ्याजवळून गेला, पंगतीची भांडी घेऊन. मी वाटेत उभी होते. म्हणाला, "ताई, जरा वाट द्या."

रागानं नाही. तुझ्या लग्नातल्या कुठल्याही बाईला म्हणाला असता तसा. मी वाट दिली.

आता तुझा प्रश्न. तू लिहितोस, 'हर्षालीनं मला सांगितलं. तू म्हणशील तर मी सुदर्शनशी बोलतो. त्याला कोणी नाही, आपल्याला तो हवाच आहे. मी शब्द टाकला तर तो नाही म्हणणार नाही.'

दादा, तेवढं करू नको.

मला आवडत नाही असं नाही. तुझ्यापासून आता काही लपवत नाही, म्हणून सांगते: कॉलेजातून येताना मी अजून त्याच्याच जीपची वाट बघते. पुढची गाडी सोडून देते. भाडं हातात मोजून ठेवते, म्हणजे त्याला मागावं लागू नये.

पण तू म्हणतोस तेच खरं आहे. तो नाही म्हणणार नाही. तू सांगितलंस की उभा राहील, जसा बुधामामांच्या खाचरात उभा राहिला. पाय रोवून, हसत, दिवस मावळेपर्यंत. मला कधी कळूही देणार नाही की तो तुझ्यासाठी उभा आहे. एकदा तुझ्या नावानं त्यानं चिखल तुडवला आणि त्याचं मी काय केलं ते तुला ठाऊक आहे. पुन्हा तुझ्याच नावानं त्याला माझ्या दारात उतरवू नको. त्याला यायचं असेल तर त्याच्या स्वतःच्या पायांनी येईल. नाही आला तर नाही. मी वाट बघते म्हणून त्यानं यावं, असं माझं काही राहिलेलं नाही.

तू मात्र जुलैत रजा काढ. हर्षालीला घेऊन ये. बुधामामा म्हणतात, लग्न झाला म्हणून आवणी माफ नाय, गेल्या सालचीही बाकी हाय. त्यांच्या खाचरात ह्या वेळी तू स्वतः उतर. मी जळवांसाठी मीठ आणीन.

आई आता आत आली आहे. शेजारी येऊन बसली, पहिल्यासारखी. कागदाकडे बघून विचारते, "एवढा काय लिहितेस गं त्याला?"

मी सांगितलं, राब चांगला उगवलाय.

वर्षा